दुचाकीस्वाराची संरक्षक साधने : स्वस्त घ्यावीत काय ?

(परभणी जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोटारसायकलवर बसणाऱ्याने अंगावर घालावयाची जी साधने बाजारात मिळतात, म्हणजे हेल्मेट, हातमोजे, जाड जॅकेट, गुडघ्यांचे गार्ड इत्यादी, त्यांपैकी जी स्वस्त असतात ती विकत घेण्याजोगी आहेत काय, या प्रश्नावर मला आज बोलावयाचे आहे. रस्ता सुरक्षेविषयी आपण सर्वांनी पुष्कळ भाषणे ऐकलेली आहेत. त्यांत ‘हेल्मेट वापरा’ एवढे सांगितले जाते. कोणते वापरावे, कितीला घ्यावे, आणि दुकानात समोर मांडलेल्या दहा हेल्मेटांतून खरे कोणते व खोटे कोणते हे कसे ओळखावे, याविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. ठरलेल्या मिळकतीत घर चालविणाऱ्या माणसाचा खरा प्रश्न तोच असतो, म्हणून आज प्रथम किमतीविषयी बोलू आणि उपदेश शक्य तितका बाजूला ठेवू.

आपल्या जिल्ह्यात दुचाकी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. एके काळी गावात एखादीच फटफटी असे आणि ती कोणाची हे आवाजावरून कळे. १९८५ मध्ये शंभर सीसीची, थोड्या पेट्रोलात पुष्कळ चालणारी चार-स्ट्रोक गाडी देशात आली, आणि पुढील काही दशकांत चित्र बदलून गेले. आज परभणी शहरात राहून जिंतूर किंवा पालम तालुक्यातील शाळेवर जाणारे शिक्षक, दोन-तीन गावांचा कारभार पाहणारे ग्रामपंचायत अधिकारी, मानवतच्या बाजारात कापसाचा भाव पाहावयास निघालेला शेतकरी, दूध घालणारा तरुण, सासरहून माहेरी निघालेली भगिनी, या सर्वांचे वाहन एकच आहे. एस.टी.ची वेळ आणि आपली वेळ जमत नाही, तेथे दुचाकीला पर्याय नाही.

ज्या रस्त्यांवरून ही वाहने धावतात त्यांचे स्वभावही आपणांस परिचित आहेत. पाऊस पडून गेला की शेतातून बाहेर येणारा ट्रॅक्टर चाकांना चिकटलेली काळी माती डांबरावर सोडून जातो; ती वाळण्यापूर्वी तिच्यावरून गेलेली दुचाकी साबणावरून गेल्यासारखी सरकते. सुगीच्या दिवसांत रस्त्याच्या एका अंगाला सोयाबीन वाळत घातलेले असते. उसाचा हंगाम सुरू झाला की मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही अशा ट्रॉल्या तिन्हीसांजेला रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. रात्री रोही आडवा येतो. कल्याणहून पाथरी, मानवत, परभणीवरून नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ वर एका क्षणी भरधाव मालमोटार आणि दुसऱ्या क्षणी बैलगाडी भेटते. अशा रस्त्यावर कधी ना कधी पडणे हे स्वाराच्या कौशल्यावर सर्वस्वी अवलंबून नसते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२२ या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ७४,८९७ माणसे दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरांत जवळजवळ पंचेचाळीस. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ एवढी होती. त्यांत चालविणारे ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागातील होते. हेल्मेट हा पुण्या-मुंबईचा विषय आहे, खेड्यातील मोकळ्या रस्त्यावर त्याचे काय काम, असे म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा लक्षात घ्यावा.

येथे एक आक्षेप नेहमी येतो. ‘आम्ही कोठे शर्यतीला जातो ? चाळीस-पन्नासच्या वेगाने शेतापर्यंत जावयाचे आणि परत यावयाचे.’ अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी मोटारसायकलच्या ९०० अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली आणि आपला अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की अपघात बहुधा जवळच्या, किरकोळ कामाच्या फेरीत होतात आणि निघाल्यानंतर थोड्याच वेळात होतात. अपघाताची चाहूल लागण्यापूर्वीचा मध्यम वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास होता, आणि प्रत्यक्ष आदळतानाचा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर. म्हणजे ज्याला आपण सावकाश चालविणे म्हणतो, त्याच वेगात माणसे पडत होती. हेल्मेटमुळे वाहतुकीचे आवाज ऐकू येत नाहीत, बाजूचे दिसत नाही, या तक्रारींचाही त्या तपासणीत विचार झाला होता आणि त्यांना आधार सापडला नाही.

विज्ञानाचे शिक्षक येथे बसले आहेत, त्यांना पुढील हिशेब फळ्यावर मांडता येईल. उभ्या गाडीवरून माणूस कोलमडला आणि त्याचे डोके दीड मीटर उंचीवरून जमिनीवर आले, तर ते ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने आदळते. ताशी ५० किलोमीटर वेगाने डोके थेट एखाद्या खांबावर गेले तर तो आघात जवळजवळ दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्याइतका असतो. वेग तोच असला तरी थांबण्यास किती अंतर मिळाले यावर डोक्याचे भवितव्य ठरते. उघडे डोके डांबरावर आदळले तर ते काही मिलिमीटरांत थांबते. हेल्मेटच्या आतील थर चेपत जाऊन त्याला दोन-अडीच सेंटिमीटर अंतर मिळवून देतो, आणि त्या प्रमाणात मेंदूवरील जोर घटतो. हेल्मेटचे शास्त्र मुख्यतः या दोन-अडीच सेंटिमीटरांचे आहे.

किंमत कशाची आणि संरक्षण कशाचे

हे समजले म्हणजे स्वस्त-महागाचा उलगडा होऊ लागतो. हेल्मेटमध्ये डोके वाचविणारे भाग तीन : बाहेरचे टणक कवच, आतील थर्माकोलसारखा परंतु त्याहून दाट असा जाड थर, आणि हनुवटीखालचा पट्टा. चमकदार रंग, नक्षी, काढून धुता येणारे मऊ अस्तर, वारा खेळविणारी छिद्रे, ओरखडे न पडणारी काच, कवचासाठी प्लॅस्टिकऐवजी काचतंतू किंवा कार्बन, या सर्वांमुळे किंमत वाढते. त्यांतील काही गोष्टी सुखाच्या आहेत, काही हौसेच्या. वजन कमी होते, आवाज कमी येतो, लांबच्या प्रवासात मान दुखत नाही, हे फायदे मी नाकारीत नाही. परंतु दहा हजारांचे हेल्मेट हजाराच्या हेल्मेटपेक्षा दहापट डोके वाचविते, असे मुळीच नाही. ब्रिटनच्या वाहतूक खात्याने २००७ पासून हेल्मेटांची स्वतंत्र चाचणी करून त्यांना एक ते पाच तारे देण्याची योजना चालविली आहे. तिच्यात स्वस्त हेल्मेटांनी पाच तारे मिळविल्याची आणि महाग हेल्मेटे मागे पडल्याची उदाहरणे आहेत.

साध्या वस्तूने जीव वाचतो, हे त्याच देशात फार पूर्वी सिद्ध झाले होते. ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडला आणि डोक्याच्या दुखापतीने सहा दिवसांनी मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध लिहिला. त्यांनी तपासलेल्या जखमींत हेल्मेट घातलेले केवळ सात होते आणि ते सातही जगले. ती हेल्मेटे कशाची होती ? रबराची आणि लगदा दाबून केलेली. आजच्या कोणत्याही मानकात ती बसणार नाहीत. तरी त्या वर्षअखेरीस ब्रिटिश लष्कराने कामावरील मोटारसायकलस्वारांस ती सक्तीची केली. पुढील काळात जगभर झालेल्या अभ्यासांचा २००८ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष निघाला.

तेव्हा स्वस्त हेल्मेट घ्यावे काय, याचे माझे उत्तर स्पष्ट आहे : घ्यावे, अवश्य घ्यावे. मात्र स्वस्त आणि खोटे यांतील भेद ओळखूनच घ्यावे.

रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली जी टोपीवजा हेल्मेटे दोन-तीनशे रुपयांना मिळतात, त्यांपैकी बहुतेकांत आतला जाड थरच नसतो. प्लॅस्टिकचे पातळ टोपण आणि आत स्पंजाची पट्टी, एवढाच तो माल असतो. ते डोक्यावर असल्याने चौकातला शिपाई कदाचित अडवीत नाही, परंतु डांबर तसे फसत नाही. दंड वाचविण्यासाठी दिलेले ते दोनशे रुपये आहेत. संरक्षणासाठी त्यात एक पैसाही गेलेला नाही. किंबहुना माझ्या मते ते उघड्या डोक्यापेक्षा अधिक फसवे आहे, कारण घालणाऱ्याला आपण सुरक्षित आहोत असे वाटू लागते.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीने, म्हणजे चालविणाऱ्याने तसेच मागे बसणाऱ्याने, भारतीय मानक ब्युरोच्या मानकाचे हेल्मेट घातले पाहिजे आणि त्याचा पट्टा बांधलेला असला पाहिजे. पगडी घालणाऱ्या शीख बांधवांना सूट आहे. उल्लंघनाबद्दल कलम १९४-डी अन्वये एक हजार रुपये दंड व तीन महिने परवाना अपात्र ठरविण्याची तरतूद आहे. हेल्मेटचे मानक आयएस ४१५१ हे होय. १ जून २०२१ पासून या मानकाचे चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनविणे, विकणे वा साठविणे यांस देशात मनाई आहे. म्हणजे रस्त्यावरची ती टोपी केवळ निरुपयोगी नाही, तर बेकायदेशीरही आहे. नवी दुचाकी घेताना उत्पादकाने मानकाचे हेल्मेट पुरविले पाहिजे, असेही केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. ते ग्राहकाने मागून घ्यावे. दुकानदाराने गाडीच्या हिशेबात ते धरलेले आहे की नाही हे पावतीवर पाहावे.

आता खरे कसे ओळखावे ते पाहू. आयएसआय चिन्हाच्या वरच्या बाजूस आयएस ४१५१ हा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनंतर उत्पादकाच्या परवान्याचा क्रमांक असतो. नुसते चिन्ह असलेली चिकटपट्टी कोणीही छापून घेतो. परवान्याचा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईलवरील सोयीत टाकला की तो कोणाचा आहे आणि चालू आहे की नाही हे दुकानात उभ्याउभ्या कळते. जून २०२५ मध्ये देशात १७६ उत्पादकांकडे असा चालू परवाना होता, आणि त्याच सुमारास केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने परवाना संपलेल्या वा रद्द झालेल्या उत्पादकांकडून दिल्लीत अडीच हजारांहून अधिक हेल्मेटे जप्त केल्याचे जाहीर केले होते. परवान्याची मुदत पाहण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

कागदापलीकडची परीक्षा हाताने करता येते. आतील कापडी अस्तराचा कोपरा उचलून पाहावा. त्याखाली सर्व बाजूंनी, कपाळापासून मानेपर्यंत, बोटभर जाडीचा घट्ट थर दिसला पाहिजे. अंगठ्याने दाबल्यावर स्पंजासारखा खोल जाऊन परत येणारा थर असेल तर ते हेल्मेट खाली ठेवावे. पट्टा कवचाला पक्क्या रिव्हेटने जोडलेला असावा. शेवटी ते डोक्यावर घालून, पट्टा बांधून, मागच्या काठाला धरून पुढे ढकलून पाहावे. डोक्यावरून निघून आले तर मोठ्या मापाचे आहे. ‘थोडे सैल बरे असते, उन्हाळ्यात वारा लागतो’ हा दुकानदाराचा सल्ला ऐकू नये. कपाळाभोवती शिंप्याची टेप धरून माप सेंटिमीटरांत घ्यावे आणि त्या मापाचे मागावे.

या कसोट्यांना उतरणारे साधे हेल्मेट आज हजार रुपयांच्या आसपास मिळते. ते चार वर्षे वापरले तर दिवसाला एक रुपयासुद्धा पडत नाही. हनुवटी झाकणारे, पूर्ण तोंडाचे हेल्मेट थोडे अधिक महाग असते. पैसे असतील तर तेच घ्यावे, कारण पडणारा माणूस तोंडावरही पडतो.

खरेदी समित्यांसाठी दोन शब्द

आपणांपैकी पुष्कळांच्या हातून सार्वजनिक पैशाने वस्तू खरेदी होत असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. रस्ता सुरक्षा सप्ताहात किंवा एखाद्या संस्थेच्या वर्धापनदिनी हेल्मेट वाटपाचे कार्यक्रम होतात. हेतू चांगला असतो. दरपत्रके मागविली जातात, सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते, आणि शंभर हेल्मेटांऐवजी शंभर टोपणे येऊन पडतात. छायाचित्र उत्तम येते. कमी दराचा नियम मोडावा असे मी म्हणत नाही, परंतु निविदेच्या अटींतच आयएस ४१५१, चालू परवान्याचा क्रमांक, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि लहान-मध्यम-मोठी अशी मापे नमूद करावीत. माल आल्यावर त्यातील एक हेल्मेट निवडून सर्वांसमक्ष अस्तर उचलून पाहावे. ते एक हेल्मेट वाया गेले तरी चालेल. एकाच मापाची शंभर हेल्मेटे घेणे म्हणजे एकाच मापाचे शंभर जोडे घेण्यासारखे आहे, हेही समितीने ध्यानात ठेवावे.

हात, पाय आणि अंग

हेल्मेटनंतर उरलेल्या साधनांकडे वळू. त्यांच्याविषयी हेल्मेटइतके निःसंदिग्ध बोलता येत नाही, कारण मोटारसायकलस्वाराच्या जॅकेटांना व हातमोज्यांना हेल्मेटसारखे सक्तीचे भारतीय मानक नाही. ग्राहकाला येथे स्वतःच्या डोळ्यांवर अधिक विसंबावे लागते.

ताशी ५० किलोमीटर वेगाने पडलेला माणूस डांबरावरून साधारण दोन सेकंद, बारा ते पंधरा मीटर घसरत जातो. सुती सदरा त्या घर्षणात तत्काळ फाटतो. साधी जीन्स जेमतेम एक सेकंद टिकते. उरलेल्या वेळात कातडी झिजते. चांगले चामडे चार सेकंदांहून अधिक टिकू शकते. घसरण्याच्या जखमेने माणूस सहसा दगावत नाही, परंतु तळहात सोलून निघालेला शेतकरी महिनाभर खुरपे धरू शकत नाही, आणि ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याच्या घरी त्या महिन्यात काय शिजते हे सांगावयास नको.

ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम या संशोधिकेने अपघात झालेल्या २१२ मोटारसायकलस्वारांचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोटारसायकलसाठी बनविलेले जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल होण्याचा धोका २१ टक्क्यांनी, विजार घातलेल्यांना ५१ टक्क्यांनी आणि हातमोजे घातलेल्यांना ५९ टक्क्यांनी कमी आढळला. आपल्यासारख्यांच्या दृष्टीने त्यातील दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली ही की, खास मोटारसायकलचे नसलेले साधे बूटसुद्धा पावलाच्या व घोट्याच्या दुखापतीचा धोका निम्म्याहून अधिक घटवीत होते. दुसरी ही की, अपघातात सापडलेल्या जॅकेट, विजार व हातमोज्यांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडी अधिक साधने आघाताच्या वेळी फाटली, उसवली वा भोक पडून निकामी झाली. साधनांची विक्री प्रगत देशातील होती, तरी हे घडले. याच अनुभवातून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे २०१८ मध्ये अशा कपड्यांची स्वतंत्र चाचणी करणारी योजना सुरू झाली.

यावरून खर्चाचा क्रम मला असा दिसतो. हेल्मेटनंतर पहिला पैसा हातमोज्यांवर घालावा. पडताना माणूस हात पुढे करतोच. ते त्याच्या इच्छेवर नसते. तळव्याला चामड्याचा दुहेरी थर आणि मनगटाला घट्ट बसणारा पट्टा असलेले हातमोजे हजार रुपयांच्या आत मिळू शकतात. दुपारच्या उन्हासाठी भगिनी वापरतात ते पातळ सुती मोजे हे त्याचे काम करू शकत नाहीत. पायांसाठी वेगळे काही घेण्याची गरजच नाही. घोटा झाकणारे जाड चामड्याचे साधे बूट, पोलिसांचे वा कारखान्यातील कामगारांचे असतात तसले, पुरेसे आहेत. चप्पल घालून गाडी चालविणे मात्र सोडावे. शाळेतील आदरणीय गुरुजी चपलेने किक मारताना मी पाहतो, तेव्हा विद्यार्थ्यांना काय सांगावे हा प्रश्न पडतो.

जॅकेटचा क्रमांक यानंतर लागतो. तीन ते पाच हजारांना मिळणारे जाळीचे जॅकेट घ्यावे काय ? रोज चाळीस-पन्नास किलोमीटर महामार्गाने जाणाऱ्या माणसाने घ्यावे, असे माझे मत आहे. गावातल्या गावात फिरणाऱ्याने तेवढ्या पैशात आधी घरातील दुसऱ्या व तिसऱ्या डोक्यासाठी हेल्मेट घ्यावे. जॅकेट घेताना कोपर व खांदे यांतील कवच बाहेर काढून पाहावे. त्यावर ईएन १६२१-१ हा युरोपीय मानकाचा क्रमांक उठविलेला असेल तर ते आघात शोषणारे आहे. नुसता स्पंजाचा तुकडा असेल तर ते दुकानातच राहू द्यावे. कवचावर ‘सीई’ ही अक्षरे आहेत एवढ्यावरून संपूर्ण जॅकेट तपासलेले आहे असे समजू नये. पुष्कळदा मानकात बसते ते केवळ कवच, कापड नव्हे. शिवण दुहेरी आहे ना, हे आपल्या गावातील कोणताही शिंपी पाहून सांगेल. जॅकेट सैल असेल तर पडताना कवच कोपरावरून सरकून भलतीकडे जाते. याच कारणाने गुडघ्यांचे गार्ड चार-पाचशे रुपयांचे असले तरी दोन पट्ट्यांचे, घट्ट बसणारे घ्यावेत.

आपल्या उन्हाळ्याचा विचार न करता हा सल्ला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. मे महिन्यात परभणीचा पारा चव्वेचाळिशी ओलांडतो तेव्हा रेक्झिनचे काळे जर्किन घालून प्रवास करा, असे सांगणाऱ्याने आधी स्वतः तसा प्रवास करून दाखवावा. उन्हाने गरगरलेला स्वार हाही एक धोकाच आहे. म्हणून जाळीचे जॅकेट, फिकट रंग, आणि तेही सोसवत नसेल तर निदान जाड, पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे व बूट. हेल्मेट मात्र कोणत्याही ऋतूत उतरू नये. हेल्मेटखाली पातळ सुती दस्ती बांधली तर घाम टिपला जातो आणि धूळही थांबते. जाड गमछ्याची घडी घातली तर हेल्मेट वर चढून बसते व सैल होते. फेट्यावर वा टोपीवर हेल्मेट चढविणे तर व्यर्थच आहे. भगिनींना अंबाड्यामुळे हेल्मेट बसत नाही अशी अडचण असते. वेणी मानेखाली सोडली की ती दूर होते.

फिकट रंगाचा उल्लेख मी केवळ उन्हासाठी केला नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पांढरे हेल्मेट घालणाऱ्यांना काळे हेल्मेट घालणाऱ्यांच्या तुलनेत अपघाताचा धोका २४ टक्क्यांनी, आणि चमकणारे वा भडक रंगाचे कपडे घालणाऱ्यांना ३७ टक्क्यांनी कमी आढळला. प्रकाश परावर्तित करणारी पट्टी पन्नास-शंभर रुपयांत मिळते. ती हेल्मेटच्या मागे, बुटांच्या टाचेवर आणि दुधाच्या कॅनवर चिकटविता येते. सर्व साधनांत सर्वांत स्वस्त हीच, आणि पडल्यानंतर नव्हे तर पडण्यापूर्वीच उपयोगी पडणारी. तीच पट्टी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागून लावली, तर ग्रामपंचायतीला आपल्या हद्दीतील प्रत्येक ट्रॉलीसाठी फारसा खर्च येणार नाही.

मागे बसणाऱ्यांकडे आपले दुर्लक्ष होते. वर दिलेल्या आकड्यांतील १४,३३७ माणसे मागे बसलेली होती. आपल्याकडे मागे बसणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्री असते. ती एका बाजूला पाय सोडून बसते, तिच्या हातात मूल वा पिशवी असते, आणि घरातील एकुलते हेल्मेट पुढे बसलेल्याच्या डोक्यावर असते. पदर वा ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात आपण सर्वांनी ऐकले आहेत. मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी असली पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम क्रमांक १२३ आहे. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून तरुण मुले ती जाळी काढून टाकतात. ती परत बसविण्यास मेकॅनिक फारसे पैसे घेत नाही. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठीही फेब्रुवारी २०२३ पासून लहान मापाचे हेल्मेट, स्वाराला बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा नियम लागू आहे. मोठ्यांचे हेल्मेट मुलाच्या डोक्यावर घालणे म्हणजे घागरीत नारळ ठेवण्यासारखे होय; आपटल्यावर आतल्या आत दुखापत होते.

एका शिक्षक बंधूंची चिठ्ठी आली आहे. त्यांच्या मेहुण्याचे उत्तम कंपनीचे, सात हजारांचे हेल्मेट एकदा पडलेले आहे. बाहेरून केवळ ओरखडा आहे आणि ते फुकट मिळत आहे. ते वापरावे, की नवे हजाराचे घ्यावे? नवे हजाराचे घ्यावे. आतील थर एकदाच चेपतो आणि चेपल्यावर पूर्ववत होत नाही. ज्या जागी तो एकदा कामी आला त्या जागी आता तो नाही, आणि हे अस्तराखाली डोळ्यांना दिसत नाही. अपघात झाला नाही तरी घाम, ऊन आणि तेल यांनी थर व पट्टा जीर्ण होतात, म्हणून पाच वर्षांनी हेल्मेट बदलणे बरे. ते पेट्रोलने वा थिनरने पुसू नये, कारण त्याने थर विरघळतो. आणि अपघातातील हेल्मेट नुसते उकिरड्यावर टाकू नये. कात्रीने त्याचा पट्टा कापूनच टाकावे, म्हणजे दुसरा कोणी ते उचलून आपल्या मुलाच्या डोक्यावर घालणार नाही.